दुसऱ्या दिवसाचा थकवा

तापानंतर न जाणाऱ्या थकव्याच्या अभ्यासासाठी मी दर महिन्याला नाचणगावच्या एका शिंपीकाकांकडे प्रश्नावली घेऊन जाते. प्रत्येक प्रश्नाला ते आधी "काऊन?" म्हणून कारण विचारतात, मगच उत्तर देतात. सहा मिनिटं चालायला सांगितलं, की मात्र नीट चालतात.

एकदा चालून आल्यावर म्हणाले, "बाई, तुमी आजचं चालणं मोजून राह्यल्या. उद्या येऊन पाहा."

दुसऱ्या दिवशी गेले. शिलाई मशीन झाकलेलं होतं. काका खाटेवर पडून होते. पाण्याचा गिलासही त्यांना एका हाताने उचलवेना. माझ्या कागदावर याला रकानाच नव्हता.

मी वरिष्ठांना सांगितलं. पुढच्या महिन्यात नवा प्रश्न छापून आला: दुसऱ्या दिवशी कसं वाटलं?

काकांनी तो वाचला. "इचारलं, हे बरं केलं," म्हणाले. "आता उत्तर कोन वाचते, ते पाहू."