काकडीच्या शेडला कवाड

थकले बाई मी या काकडीपायी. सकाळी सहाला घरामागच्या पॉलिहाऊसमध्ये शिरायचं, आणि ऊन तापलं की आत श्वाससुद्धा घेववत नाही. तिला मात्र तीच ऊब लागते. माझा पदर घामानं पिळून निघतो आणि ती खुशाल दिवसाला चार बोटं वाढते.

काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. वरच्या तारेला सुतळी बांधलेली, वेल तिच्याभोवती गुंडाळत न्यायचा, बगलेतले फुटवे खुडायचे, तणावे तोडायचे. एक दिवस अंग टाकलं की वेल एकमेकांच्या गळ्यात पडलेच म्हणून समजा. आमचे हे साखर कारखान्यात. हंगामात त्यांचं तोंड दिसायची मारामार. राहिले आम्ही दोघं, मी आणि मामा.

मामा म्हणजे माझे सासरे. ऐंशी कधीच ओलांडली. डोळ्यांना कमी दिसतं, पण बोटांना सगळं दिसतं. उभ्यानं करायचं ते माझं, बसून करायचं ते त्यांचं. पोतं अंथरून सरीत बसायचे, नवी रोपं सुतळीला लावायचे, बुडाची पिकली पानं काढायचे आणि वेलाशी बोलायचे, "हिकडं कुठं निघाला? वर जा की, लेका." लांबच्या रानात जाणं सुटल्यापासून दिवस त्यांना खायला उठला होता. शेड उभी राहिली आणि माणूस परत जेवायला लागला. खरं सांगते, मलाही त्यांचाच आधार होता. माझी कंबर वाकत नाही आता.

आम्ही शनिशिंगणापूरचे. गावात कुणाच्याच घराला कवाड नाही, नुसती चौकट. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून नुसती फळी टेकवतो. शेड बांधणाऱ्यानं जाळीचं दार आणलं तेव्हा मामांनी ते तसंच परत धाडलं. म्हणाले, "देव उघड्यावर उभा हाय, आन् काकडीला कवाड?" यावर काय बोलणार? गोणपाटाचा पडदा शिवून लावला आणि विषय मिटवला.

थंडी सरता सरता शेजारच्या रानात बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याचे डोंगळे फुलले. मधमाश्या घोंघावायला लागल्या. आता, माझी ही काकडी बिनबियांची. हिला माशी लागत नाही. उलट माशी बसली की आत बी धरतं आणि फळाचा आकार जातो. रोपं देणाऱ्यानं हे मला दहादा सांगितलं होतं. मी मामांना एकदाही सांगितलं नाही. कामाच्या रगाड्यात राहूनच गेलं.

तोडणीला लागले तर काय, काकडीची मान बारीक आणि बुडाला हे एवढं पोट! व्यापारी क्रेट बघून हसला. "ताई, काकडी हाय का दुधी?" आणि टेम्पो रिकामाच घेऊन गेला. मी तणतणत शेडकडे आले, तर गोणपाट वर गुंडाळून सुतळीनं नीट बांधलेलं. मामा आत बसलेले, चेहरा फुललेला. "तू घरला गेलीस की रोज बांधून ठिवतो," म्हणाले. "माशी लई येतीय औंदा. आता बघ कसा माल धरतोय."

जन्मभर त्यांनी तेच पाहिलं होतं. माशी आली की पीक आलं. पण माझं डोकं फिरलं होतं. "मामा, तुमच्या माशीनंच घात केला! आणि तुमच्या त्या बिनकवाडाच्या रीतीनं!" असं तोंडावर बोलले. ते खांबाला धरून उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी दार बसवून घेतलं. मामा ओट्यावरून बघत होते. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "कुत्र्याला फळी चालते, मग माशीला दार का नाही?"

त्यानंतर ते शेडमध्ये आले नाहीत. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. रुसले तर रुसू देत, म्हटलं. मला काय कमी व्याप आहेत? बसायचं कामही मीच करायला लागले. संध्याकाळी भाकरी थापायला बसले की उठताना आई आठवायची. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. दार काढावं तर पीक जातं, ठेवावं तर माणूस.

चौथ्या दिवशी तहान लागली म्हणून रोजच्यापेक्षा लवकर बाहेर आले. दार ढकललं तर कशाला तरी अडलं. बघते तर मामा. दाराला लागून उन्हात बसलेले, मांडीवर सुतळीचं बंडल, बंडी घामानं अंगाला चिकटलेली.

"अगं बाई! मामा, कवाधरनं बसलाय?"

"झाला आसंल येक तास. रोजच बसतो. ऊन सोसंना की जातो माघारी."

"रोज? अहो, मग आत यायचं ना!"

"कवाड लावल्यालं हाय, पोरी. तू बोलावल्याबिगर कसं यायचं?"

"मग वाजवायचं."

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. ओशाळं हसले. "ते कसं वाजवत्यात, मला ठावं न्हाई. कुनाचं वाजवलंच न्हाई कदी."

मी त्यांना दंड धरून उठवलं आणि दार सताड उघडलं. ते आत आले, पोतं शोधलं, सरीत टेकले. मी तशीच दार धरून उभी.

"लाव की लवकर," मामा म्हणाले. "माशी यील."