मधुमतीबाईंची तिहाई

मधुमतीबाई कानडे मिरजेला बारा वर्षं गाणं शिकल्या, आणि जयपुरात आल्यावर त्या विद्येचा उपयोग मराठी मंडळाच्या आरत्या एका सुरात आणण्यासाठी झाला. आरत्या काही सुरात आल्या नाहीत. यजमान उमाकांतराव टपाल खात्यात होते. पाहुण्यांना ते सांगत, "आमच्या हिचा गळा बरा आहे." भाड्याच्या घराला पाणी बरं आहे, हे माणूस ज्या सुरात सांगतो त्याच सुरात.

१९६४ च्या फेब्रुवारीत जयपुरात टपाल कर्मचाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय खेळ भरले. प्रत्येक संघाला एक संपर्क अधिकारी होता. मोठे देश वशिल्याच्या लोकांना गेले. उमाकांतरावांच्या वाट्याला जो देश आला, त्याचं नाव ऑफिसातल्या नकाशावर पाण्यात छापलेलं होतं, कारण जमिनीवर ते मावत नव्हतं. संघ तिघांचा: एक पोस्टमास्तर आणि दोन पोस्टमन. देशात पोस्टमन एकूण पाच, त्यामुळे या आठवड्यात तिकडे पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्याच दिवशी तिघं कानड्यांकडे जेवायला आले. उंच पोस्टमन चालण्याच्या शर्यतीत उतरणार होता. त्याने आमटी वाटीने प्यायली आणि वाटी पुन्हा पुढे केली. जेवणं झाल्यावर मधुमतीबाईंनी त्यांना काही म्हणायला सांगितलं. तिघांना मिळून येणारं गाणं एकच होतं. ते उभे राहिले, हात ताठ केले, आणि उष्ट्या ताटांमध्ये त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं. उमाकांतराव खरकट्या हाताने उभे राहिले. धाकटी प्रतिमाही उठली आणि कुजबुजली, "आई, मतलब किती वेळ उभं राहायचं?"

मग पोस्टमास्तरांनी हकिगत सांगितली आणि उमाकांतरावांनी ती मराठीत आणली. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती. हे गीत देशाबाहेर अजून एकदाही वाजलेलं नव्हतं. जिंकणाऱ्याचं राष्ट्रगीत वाजवायला इथे बँड होता; त्याच्यासाठी सुरावट त्यांनी चार महिन्यांपूर्वी पाठवली होती, टपालाने. ती पोचली नव्हती. ती कुठल्या देशात अडकली, हा विषय त्या घरात कोणी काढला नाही. आता नियम असा की, ज्यांची सुरावट हाताशी नाही ते जिंकले तर बँड नुसती सलामी वाजवणार.

उंच पोस्टमन शांतपणे म्हणाला, "जिंकेन मी. पण भलतंच वाजलं तर घरी काय सांगू?"

मधुमतीबाईंनी पेटी ओढली. तिसरी ओळ तिघं तीन तऱ्हांनी म्हणत होते. हुद्द्याने मोठे पोस्टमास्तर, आणि सर्वांत बेसूर तेच. बाईंनी मुकाट्याने उंच पोस्टमनची ओळ धरली आणि सगळं सा-रे-ग-म मध्ये वहीत उतरवलं.

बँड लष्कराचा होता आणि त्याचा हवालदार संभाजी, साताऱ्याकडचा. त्याने वही उलटसुलट पाहिली.

"वहिनी, असले देश जिंकत नसतात. कशाला तसदी घेताय?"

"आणि जिंकला तर?"

"सलामी देऊ की."

"म्हणजे लग्न एकाचं आणि वरात दुसऱ्याची."

संभाजी हसला, आणि हसला म्हणून अडकला. दोन दुपारी बाई गात होत्या आणि तो आपल्या बँडच्या लिपीत लिहून घेत होता. तालमीत धून अशी बसली की कॉर्नेट फुंकणारा स्वतःच मान डोलवू लागला.

शर्यत शहराबाहेरच्या सांगानेरहून चौगानाच्या मैदानापर्यंत होती. मोठ्या देशांतले पोस्टमन एव्हाना मोटारीतून हिंडू लागले होते. रस्त्यात उंटगाड्या आडव्या आल्या की ते सौजन्याने थांबत. आमटीवाला थांबला नाही. रोज बेटाला पायी एक फेरी घालणारा तो माणूस उंटाच्या मानेखालून वाकून निघाला आणि तीन मिनिटांच्या अंतराने पहिला आला.

झेंडा चढू लागला आणि बँड सुरू झाला. पहिला सूर ऐकताच पोस्टमास्तरांनी टोपी काढली, आणि मग ती तोंडावरच धरली. उंच पोस्टमन मोठ्याने गात होता. गीत संपलं. त्याने तोंड मिटलं.

बँडने मिटलं नाही. शेवटची ओळ पुन्हा सुरू झाली.

मधुमतीबाईंनी आपला हात ओळखला. शेवटची ओळ तीनदा घेऊन तालाच्या समेवर यायचं, म्हणजे तिहाई. बारा वर्षांत त्यांनी कुठलीच चीज तिच्याशिवाय संपवली नव्हती. वहीत हात आपसूक चालला होता, तालमीत कानाला काही खटकलं नव्हतं, आणि तालमीला तिघांपैकी कोणी नव्हतं. एका सार्वभौम राष्ट्राच्या राष्ट्रगीतात त्यांनी परस्पर भर घातली होती.

उंच पोस्टमनने गोंधळून बँडकडे पाहिलं. मग मान वर केली आणि ओळ पुन्हा म्हटली. तिसऱ्या वेळी पोस्टमास्तरांनी टोपी खाली घेतली आणि तेही बेसूर, पण पूर्ण ताकदीने आले. धून समेवर आदळली, आणि आयुष्यभर समेची वाट पाहण्यात मुरलेलं अख्खं जयपूर एका श्वासात "वाह" म्हणून गेलं. राष्ट्रगीताला दाद द्यायची नसते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पोस्टमन दोन्ही हात वर करून रडत होता.

मधुमतीबाई माफी मागायला गेल्या, तर पोस्टमास्तरांनी त्यांचे हात धरले. बराच वेळ सोडले नाहीत.

ऑक्टोबरात त्यांचं पत्र आलं. त्यांच्या विधिमंडळात नऊ सभासद होते. शेवटची ओळ यापुढे तीनदा म्हणावी, असा ठराव त्यांनी एकमताने केला होता, कारण जिंकल्यावर ती तशीच वाजते.

मधुमतीबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि दार लावून गात बसल्या. त्या दिवशी स्वयंपाक उमाकांतरावांनी केला. तो कसा झाला होता, हे प्रतिमा अजून सांगत नाही.