चिकाची झाडं

गोदे, मी निघाले तेव्हा तू स्टेशनावर आली नव्हतीस. तुला गोवर आला होता. मद्रासच्या गाडीत बसवताना आपली आई एवढंच म्हणाली, "रडतीस कशाला? जावई साहेबाच्या दवाखान्यात आहेत की." हे मलायात रबराच्या मळ्यावर कंपाउंडर होते. मलाया कुठं आहे, ते आपल्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

मळ्यात नजर जाईल तिथवर ओळीनं लावलेली झाडं, खाली कायम सावली. पहाटे बाया सालीवर तिरपी चीर देत आणि खाली वाटी बांधत. पांढरा चीक थेंबथेंब गळे. मग तो गोठवायचा, रुळात दाबायचा, धुरावर वाळवायचा. त्या धुराचा वास माझ्या लुगड्यांतून कधी गेला नाही. चीक काढणारी नरसम्मा आमच्या शेजारी राहायची. आपल्या सोलापुरात तेलंगी विणकरांच्या शेजारानं आलेलं तेलुगू मला तिथं कामी आलं. माझं बाळंतपण तिनंच केलं.

मुलगी झाली. कमळ नाव ठेवलं. चालायला लागली आणि हिवतापानं गेली. औषधं यांच्याच हातात होती, तरी गेली. मळ्याच्या कडेला एका झाडाखाली तिला पुरलं. नरसम्मानं त्या झाडाला पुन्हा चीर दिली नाही. मुकादम ओरडला, तरी नाही.

पुढं रबराचा भाव पडला. साहेबानं निम्मी झाडं तशीच सोडली आणि माणसं बोटीनं परत धाडली. आधी नरसम्मा गेली, मागून आम्ही.

माहेरी आल्यावर कमळचं नाव काढलं की आई म्हणायची, "तिकडचं तिकडंच ठेव. होईल आता दुसरं." तुम्ही कुणी तिला पाहिलंच नव्हतं. दोष तरी कसा द्यायचा? पण मी दिला, मनातल्या मनात सगळ्यांना दिला.

परवा दादानं वर्तमानपत्र वाचून दाखवलं: जर्मनीत आता कारखान्यातच रबर करतात, झाड लागत नाही.

"सायकलचे टायर स्वस्त होतील," दादा म्हणाला.

"मग त्या झाडांचं काय करतील?" मी विचारलं.

"तोडतील. ठेवून काय करायचीत?"

तूही तिथंच होतीस, गोदे, तांदूळ निवडत. तू मान वर केली नाहीस.

मी उठून मागच्या दारी गेले.

आता कुणी गाव विचारलं तर मी सोलापूर सांगते. मळ्याचं नाव घेतलं, तर आधी कमळ कोण ते सांगावं लागेल.