तीनशे पंधरा की आठ एमएम?

मागच्या सोमवारी आईला घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते. बाबा गेल्यानंतर त्यांची रायफल जमा करायची होती. परवाना बाबांच्या नावावर... माणूस गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही.

राजुऱ्याकडच्या आमच्या गावात रानडुकरांचा त्रास जुनाच. पीक वाचवायला आजोबांनी रायफल घेतली, पुढे ती रीतसर बाबांच्या नावावर झाली. बाबांनी ती बहुतेक वेळा हवेतच उडवली. आवाज झाला की डुकरं पळायची, तेवढंच काम होतं.

ठाण्यातल्या पीएसआय मॅडम तरुण होत्या, बोलायला नीट. रायफलचा नंबर जुळला. काडतुसांचा एक डबा परवान्याप्रमाणेच होता, त्यावर पॉइंट तीनशे पंधरा असं छापलेलं. मग आईनं पिशवीतून काडतुसांची एक जुनी पुडी काढून टेबलावर ठेवली. कागद पिवळा पडलेला, छपाई परदेशी... आणि त्यावर 8x50 R.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे वेगळं काडतूस दिसतंय. परवाना तीनशे पंधराचा आहे. दुसऱ्या बोअरचं, म्हणजे दुसऱ्या मापाचं काडतूस घरात सापडलं तर गुन्हा होतो, माहीत आहे ना?"

आईचा चेहरा उतरला. "बाई, ते मामाजींच्या जमान्यातलं हाय. यायनं त्याले कधी हातबी नाई लावला." यायनं म्हणजे बाबांनी, आणि मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे आजोबा. पण ते जाऊन किती वर्षं झाली... आणि परवान्यावर नाव बाबांचं.

मी शाळेत गणित शिकवते. बंदुकीतलं काही कळत नाही, पण आठ हा आकडा मिलिमीटरचा असणार असं वाटलं. मोबाईलवर आठला पंचवीस पॉइंट चारनं भागलं. उत्तर आलं पॉइंट तीन एक चार नऊ... म्हणजे इंचात जवळपास तीनशे पंधराच.

मॅडमनी स्वतः पुन्हा भागून पाहिलं. "गणित बरोबर आहे. पण हे पन्नास काय? आणि नुसत्या गणितावर मी सही कशी करू?"

पन्नासचं मलाही माहीत नव्हतं. आई माझ्याकडे बघत राहिली. बाबांच्या माघारी त्यांच्या नावावर केस होते की काय, असं वाटलं.

मॅडमनी चंद्रपूरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिकडे पोलिसांची हत्यारं सांभाळणारे आर्मरर होते, मॅडम त्यांना खानभाऊ म्हणत होत्या. त्यांनी आधी पुंगळीची लांबी मोजायला सांगितली, नुसती पितळेची, वरची गोळी सोडून. मॅडमनी ड्रॉवरमधून पट्टी काढली. पन्नास मिलिमीटर भरली.

"मंग एकच हाय ते, मॅडम," खानभाऊ म्हणाले. "आठ म्हंजे जाडी, पन्नास म्हंजे पुंगळीची लांबी, अन् आर म्हंजे बुडाची कड. मूळची ही ऑस्ट्रियाच्या फौजेची गोळी. तिकडे सारा हिशेब मिलिमीटरमदी."

"मग तीनशे पंधरा कुठून आलं?"

"इंग्रज लोक आपल्या फौजेची थ्री नॉट थ्री साध्या मानसाले ठेवू देत नोते. मंग शिकारवाल्यायसाठी ही गोळी इकडं आणली. इंग्रजाचा हिशेब इंचात, म्हून नाव पडलं तीनशे पंधरा. कोनी आठ एमएम म्हनते, कोनी आठ बाय पन्नास. माल एकच. तरी एक नग इकडं पाठवा, मी पाहून लेखी देतो."

मॅडमनी पंचनाम्यात दोन्ही नावं लिहिली, तीनशे पंधरा आणि कंसात आठ एमएम. जुन्या पुडीतली काडतुसं वेगळी मोजून सील केली. मग आईला म्हणाल्या, "काकू, बसा आता. चहा सांगते."

तेव्हा लक्षात आलं, आई इतका वेळ उभीच होती... समोर खुर्ची असून.

चहा पिऊन बाहेर आलो. गेटपाशी आई थांबली, पदर नीट केला. म्हणाली, "तुह्या बाबाले जिंदगीत कधी भांडनतंट्यापायी ठाण्यात यायचं काम पडलं नाई. त्यायचं एवढं एक काम राह्यलं होतं, ते झालं." आणि मग तिथेच रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, मनमोकळं.

खानभाऊंचं लेखी उत्तर काल आलं, काडतूस एकच आहे असं. त्या मॅडमनी स्वतः फोन करून कळवलं. समोरचं नाव वेगळं दिसलं, तरी गुन्हा लिहायच्या आधी त्यांनी एकदा विचारून घेतलं... त्यांचे मनापासून आभार.