तोरणमाळचे खानसामा

करीमचाचा पाहुण्यांची तोंडे पाहत नसत, त्यांच्या परत आलेल्या बशा पाहत. जेवणघराच्या पडद्याआड स्टुलावर बसून ते एकेक बशी उजेडाकडे धरीत. "वापस येल बशी खोटं बोलत नही," असे त्यांचे म्हणणे.

लढाईच्या आधीची ही गोष्ट. एका कंत्राटदाराने तोरणमाळचा बंगला साहेबलोकांसाठी हॉटेल म्हणून चालवायला घेतला होता. तळ्यात होडी, जंगलात मचाण, फिरायला घोडी आणि संध्याकाळी पाच पदार्थांचे इंग्रजी जेवण. धुळ्याच्या एका साप्ताहिकाने मला तिथल्या हवेवर लिहायला पाठवले होते. माझी खोली स्वयंपाकघराला लागून होती.

चाचांचा उजवा गुडघा घाटात पडल्यापासून वाकत नसे. घोडीवर बसता येत नसे, म्हणून खाली उतरायचे तर डोली हवी. डोली एकच होती. ती चार पावरा आदिवासी गडी वाहत आणि ती पाहुण्यांसाठी असे. शुक्रवारी शहाद्यात चाचांच्या मुलीचा, जुबेदाचा, निकाह होता. पाहुणे बुधवारी घाट उतरून गेले की डोली तुमची, असे कंत्राटदार मालकाने कबूल केले होते. चाचांनी सोमवारीच नवा सदरा घडी करून ठेवला. मंगळवारी पाहुण्यांनी मुक्काम रविवारपर्यंत वाढवला. मालक हसत सांगून गेला, तुमच्या कोंबडीने त्यांना धरून ठेवले.

दुपारी चाचा मला म्हणाले, "आज सूपमा मूठभर मीठ टाकस. सकायले सगळा घाट उतरतीन." जेवणाच्या वेळी त्यांनी खरोखरच मूठ रिकामी केली. मी समोर होतो. वाढप्याने भांडे उचलले आणि तो पडद्यापर्यंत पोचला. तेवढ्यात चाचा भिंत धरत, पाय ओढत त्याच्यामागे गेले आणि त्यांनी भांडे परत आणवले. अर्धे सूप मोरीत ओतले, उरलेल्यात अळणी रस्सा घातला, उकडलेले बटाटे सोडले, चमच्याने दोनदा चाखले. सूप उशिरा गेले. बशा पुसल्यासारख्या परत आल्या. चाचांनी त्या एकेक करून पाहिल्या.

"हात आयकत नही, भाऊ," एवढेच ते बोलले.

शुक्रवारी मी पायी घाट उतरून निकाहाला गेलो. बापाच्या जागी मुलीचा मामा उभा होता. कार्य आटोपल्यावर जुबेदाने मला दाराआडून विचारले, अब्बा का आले नाहीत? पाहुण्यांना जेवण फार आवडले, ते हलायला तयार नाहीत, असे मी सांगितले.

ती म्हणाली, "अब्बानी एक दिन खारट रांधं असतं, तं काय बिघडतं?"

मंगळवारची हकीगत मी तिला सांगितली नाही.

रविवारी चाचा डोलीतून घाट उतरले, तेव्हा जुबेदा सासरी नवापूरला गेली होती. पुढच्या उन्हाळ्यात मालकाचा निरोप आला आणि ते पुन्हा वर गेले.