थायलंडमधली लंका

परवा बेगम बाजारात दुकानदाराने दालचिनीचं पोतं उघडलं आणि त्या लंकेच्या वासासरशी मी वीस वर्षं मागे गेलो. नवं लग्न, दोघांच्या पाठीवर सॅक. जीव जडलेली श्रीलंका सोडून आम्ही थायलंडला पोचलो आणि मला काहीच पटेना. भात चिकट, समुद्र कोमट, चहा तर नक्कोच!

"लंकेत बघ कसं..." मी पुन्हा सुरू केलं.

बायको चपला घालत म्हणाली, "तुम्ही लंकेतच राहा हो. मी थायलंड बघून येते."

मी तीन दिवस खोलीत पंख्याखाली धुमसत पडलो.

घरी थायलंडचे सुंदर फोटो आहेत. मुलगी विचारते, "बाबा, तुम्ही गेलाच नव्हता?"

तिकीट माझंही काढलं होतं, एवढंच सांगता येतं.