बोनस संपल्यावरचे पैसे

आमच्या नोकरदारांच्या सोसायटीत एक बरी योजना होती. पहिलं घर बांधणाऱ्या सभासदाला घरासाठीच्या ठेवीवर व्याजाखेरीज बोनस मिळे, पण दोन लाखांपर्यंतच. माझे दोन लाख भरले तेव्हा बीड जिल्ह्यात सलग दुसरा दुष्काळ होता. घराला अजून तेवढेच लागणार होते. भाड्याच्या घरी टँकर आला की मालकाचे हंडे आधी भरायचे, उरलं तर आमचे, त्यामुळे बायकोला घराची घाई झाली होती. दरमहा उरणारे पैसे आता ठेवायचे कुठे, एवढाच प्रश्न होता.

त्याचं उत्तर माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. उमापूरचे माझे साडू एका पतसंस्थेसाठी ठेवी गोळा करत. बँक आठ टक्के देत होती, हे चौदा देणार होते. वरचे सहा टक्के येणार कुठून, असं मी विचारलं.

"साडूभाऊ, तुमी लई चिकित्सा करता. छावणी बघा एकदा, मग बोला."

पतसंस्थेच्या चेअरमननी जनावरांची चारा छावणी काढली होती. आमच्याकडे संस्था पारखायची रीतच अशी. ताळेबंद कोणी मागत नाही. चेअरमन दहाव्याला येतो का, हळदीला थांबतो का आणि दुष्काळात छावणी काढतो का, एवढं बघायचं. हजार जनावरं पोसणारा माणूस आपले पन्नास हजार कशाला खाईल, हा हिशोब शिकल्यासवरल्यांनाही पटत होता. छावणीचं सरकारी अनुदान महिनोन्‌महिने रखडतं. तोवर वैरण कोणाच्या पैशांतून येते, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नव्हतं.

मी गेलो. वैरणीच्या काट्याशेजारीच ठेवींचं टेबल मांडलेलं. पेंढ्या घेऊन तसंच निघून जाणं बरं दिसेना, म्हणून लोक टेबलाशी थांबून काहीतरी भरत. उपकार फेडण्याची ही पद्धत ज्याला सुचली, त्याला मात्र मी मानतो.

"संस्थेला ऑडिटमध्ये वर्ग कोणता मिळालाय, अ की ब?" मी चेअरमनना विचारलं.

"पाव्हणं परीक्षा घ्यायला आले का काय?" ते म्हणाले. ज्यांचे पैसे आत होते ते सगळ्यांत मोठ्यानं हसले.

मी माझे पैसे पोस्टात बचत खात्यात टाकले आणि वर्षभरात साठले की सरकारी बँकेत मुदतीवर ठेवले. पोस्टातल्या कारकुनाला माणसाचं तोंड बघायला आवडत नसे, पण त्यानं कधी पेंढी देऊन लाजवलं नाही. बायको मात्र लाजवायची.

"दाजींचं ऐकलं असतं तर व्याजातच खिडक्या झाल्या असत्या."

"आणि मुद्दल?"

"सगळ्यांचं बुडंल तवा आपलं बुडंल. तुमीच एकटे शाने हाय का?"

सगळ्यांबरोबर बुडण्यात लोकांना कसला आधार वाटतो, हे मला आजवर कळलेलं नाही. पाऊस झाला, जनावरं घरी गेली आणि पुढच्या उन्हाळ्याआधी पतसंस्थेचं शटर खाली आलं. साडूंनी स्वतःच्या घराचे पैसेही तिथेच ठेवले होते. त्यांच्या घराचा पाया भरून तसाच राहिला.

आमचं घर दोन खोल्यांचं झालं, तेही ठरल्यापेक्षा वर्षभर उशिरा. वास्तुशांतीला साडू आले. पंगत उठल्यावर मला बाजूला घेऊन त्यांनी पिशवीतून छापील अर्ज काढला.

"चौसाळ्यात नवी पतसंस्था निघालीय. आता घर झालं, महिन्याला उरणारे पैसे कुठं ठेवणार? हे चेअरमन लई मोठे. सोताचं मंगल कार्यालय हाय."

मी ऑडिटचा वर्ग विचारायच्या आत बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं अर्ज वाचला, घडी घालून त्यांच्या पिशवीत ठेवला.

"दाजी, फारम आणलात आन्‌ आहेर इसरलात व्हय? जाऊ द्या. आदी अक्काच्या डोक्यावर छप्पर घाला. तवर तुमच्याकडचं जे उरंल ते माझ्याकडं आणून देत जा. ह्यांच्यासंगं पोस्टात पाठवीन."

साडू पिशवी उचलून निघाले. पुढच्या महिन्यात त्यांनी अक्काच्या हाती आमच्याकडे पाचशे रुपये पाठवले.